यंत्राच्या पोटातली इमेज आणि तिचा पॅटर्न

सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही गावच्या दूध संस्थेत गेलात, तर किटल्या घेऊन माणसे रांगेत उभी दिसतील. संस्थेचा कर्मचारी दूध मापतो, थोडेसे नमुन्याला काढतो. तो नमुना एका डब्यासारख्या यंत्रात जातो आणि थोड्याच वेळात फॅट व एसएनएफचे आकडे समोर झळकतात. त्यावरून दर ठरतो, बोटभर लांबीची पावती बाहेर येते आणि दहा दिवसांच्या बिलात हीच बेरीज लागते. ज्या घरातला किराणा दोन म्हशींवर चालतो, त्या घरात ‘आज फॅट कमी लागली’ हे वाक्य चेष्टेचे नसते.

त्या डब्यात संगणक असतो, हे आता लहान पोरांनाही ठाऊक आहे. मात्र यंत्रांतल्या संगणकांच्या दोन जाती आहेत. कपडे धुण्याच्या यंत्रात असते ती छोटी चिप. तिला एकच काम येते आणि तिच्यात ऑपरेटिंग सिस्टीम म्हणावी असे बहुधा काही नसते. साधे दूध तपासणी यंत्रही अशा एखाद्या चिपवर चालू शकते. पण त्याच यंत्राला रंगीत पडदा लागला, सभासदांची यादी ठेवायची झाली, मोबाईल नेटवर्कवरून आकडे पाठवायचे झाले, प्रिंटर आणि पेन ड्राइव्ह जोडायचे झाले, की हे सगळे मुळापासून लिहिणे कोणत्याही लहान कारखान्याला झेपत नाही. मग त्या डब्यात लिनक्स बसवतात. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेली ही ऑपरेटिंग सिस्टीम आज आपल्या घरातल्या बहुतेक वाय-फाय राउटरमध्ये, सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमध्ये आणि बऱ्याच टीव्ही संचांत असते. आपल्याला ती दिसत नाही, एवढेच.

शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत असे कंट्रोलर आणि तपासणी यंत्रे बनवू पाहणाऱ्या तरुण मंडळींशी माझा कामानिमित्त संबंध येतो. त्यांच्याकडून हमखास येणारा प्रश्न म्हणजे, ‘सर, बिल्डरूट घेऊ की योक्टो?’ आजच्या भाषणात मी या प्रश्नाचे उत्तर देणार आहे. प्रश्न इंजिनिअरांचा वाटला, तरी त्याचा परिणाम किटली घेऊन उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचतो, म्हणून तो सर्वांसमोर मांडावासा वाटतो.

आधी इमेज म्हणजे काय ते पाहू. इथे चित्राचा काही संबंध नाही. यंत्राच्या मेमरी कार्डावर किंवा बोर्डावरच्या चिपमध्ये जे काही भरायचे, त्या सगळ्याची एकत्र गाठोडी म्हणजे इमेज. तिच्यात सर्वांत आधी जागा होणारा बूटलोडर असतो, लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल असतो, त्याच्या हाताखालची शेकडो लहानमोठी साधने असतात आणि शेवटी आपला स्वतःचा, फॅट मोजून पावती काढणारा प्रोग्रॅम असतो. यातला आपला भाग वजनाने सर्वांत कमी. बाकीचे सगळे जगभरातल्या लोकांनी लिहून खुले ठेवलेले असते. ते आणायचे, आपल्या चिपला कळेल अशा भाषेत उतरवायचे, नको ते गाळायचे आणि हवे ते एकमेकांशी जुळवून भरायचे.

यात एक अडचण आहे. यंत्रातली चिप मोबाईलमधल्या चिपच्या कुळातली, आणि आपल्या टेबलावरचा संगणक वेगळ्या कुळातला. यंत्रातली चिप बिचारी एवढी दुबळी, की तिच्यावरच हे सगळे बांधायला घेतले तर दिवसच्या दिवस जातील. म्हणून बांधकाम मोठ्या संगणकावर करायचे आणि माल त्या छोट्या चिपसाठीचा काढायचा, अशी पद्धत आहे. हाताने हे करू गेल्यास अमुक साधनाला तमुक लायब्ररी लागते, तिला तिसरीच आवृत्ती लागते, असे जाळे तयार होते. हे जाळे सोडवणारी जी अवजारे आहेत, त्यांना बिल्ड टूल म्हणतात.

पण अवजारांकडे वळण्याआधी, आपल्याकडे प्रत्यक्षात काय चालते ते सांगायला हवे. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याच्या कॅटएवढा स्वस्त संगणक बाजारात आला. त्याला लिनक्सची तयार आवृत्ती मिळते. कार्डावर ती भरायची, वर चार-सहा पॅकेजे चढवायची, आपला प्रोग्रॅम टाकायचा, दोन-चार सेटिंगे हाताने बदलायची, की यंत्र चालू. मग ते कार्ड संगणकात घालून त्याची जशीच्या तशी नक्कल काढायची आणि पन्नास यंत्रांत पन्नास नकला घालायच्या. कॉलेजच्या प्रकल्पाला किंवा प्रदर्शनात मांडायच्या नमुन्याला हे उत्तम आहे. मी स्वतः विद्यार्थ्यांना तेच करायला सांगतो. एकच यंत्र आपल्याच कारखान्यात, आपल्याच नजरेखाली चालवायचे असेल तरीही चालेल.

विकायच्या मालाला मात्र हे चालत नाही, आणि का चालत नाही ते कोल्हापूरकरांना समजावणे सोपे आहे. फाउंड्रीत कास्टिंग कशावरून होते? पॅटर्नवरून. समजा पॅटर्न हरवला आणि हातात फक्त एक तयार कास्टिंग उरले. ते कास्टिंगच वाळूत दाबून साचा घेतला आणि लोखंड ओतले, तर निघालेला नग मूळ नगापेक्षा लहान निघतो, कारण बीड थंड होताना शेकडा एक टक्क्याच्या आसपास आकसते. तीनशे मिलिमीटरला तीन मिलिमीटर गेले. पॅटर्नमेकर ही घट आधीच मापात धरतो. ते ज्ञान पॅटर्नमध्ये असते, कास्टिंगमध्ये नसते. शिवाय त्या नगाला नवे भोक हवे, कडेची जाडी वाढवायची, तर कास्टिंगवर फारसे काही करता येत नाही. पॅटर्न बदलावा लागतो.

कार्डाची नक्कल म्हणजे कास्टिंगवरून कास्टिंग. तिच्यात काय काय आहे हे कुठेही लिहिलेले नसते. पहिल्या कार्डावर राहिलेला पासवर्ड पन्नास यंत्रांत जातो. यंत्राची ओळख पटवणारी गुप्त किल्ली प्रत्येक यंत्राची वेगळी असायला हवी, तीही पन्नास ठिकाणी एकच होते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या विषाणूने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून ठरावीक पासवर्ड घेऊन बाहेर पडलेल्या यंत्रांवरच. आणि सहा महिन्यांनी पुन्हा तीच पॅकेजे चढवायला गेलात, तर ती नव्या आवृत्तीची मिळतात. म्हणजे जूनमध्ये विकलेले यंत्र आणि डिसेंबरमध्ये विकलेले यंत्र यांच्या खोक्यावर नाव एकच, पण पोट वेगळे.

करवीर तालुक्यातल्या एका संस्थेत मी पाहिलेला प्रकार सांगतो. बनवणाऱ्याचे नाव घेत नाही. यंत्र चांगले चालले होते, तीन-साडेतीन वर्षे तक्रार नव्हती. मग कार्ड खराब झाले. बनवणाऱ्याकडे जे मूळ कार्ड होते, ते जुन्या बोर्डाचे. तो बोर्ड बाजारात मिळेना, आणि नव्या बोर्डावर ते कार्ड जागे होईना. ज्या मुलाने सगळे बसवले होते तो नोकरीनिमित्त बेंगळुरूला गेलेला. फोनवर तो मदत करायला तयार होता, पण त्यालाही काय काय चढवले होते ते आठवेना, आणि आठवावे अशी अपेक्षाही चूकच. सचिवांनी शांतपणे जुनी वही काढली. पुढचा महिनाभर आकडे हाताने लिहिले गेले, आणि हाताने लिहिलेल्या आकड्यांवरून गावात जी कुजबुज व्हायची ती झालीच. यात मालकाची दानत वाईट नव्हती. त्याच्याकडे पॅटर्नच नव्हता.

बिल्ड टूल म्हणजे हा पॅटर्न लिहून ठेवण्याची रीत. आता त्या दोन नावांकडे वळू.

दोघांच्याही मागे एक जुने साधन आहे. १९९५ मध्ये ब्रूस पेरेन्स यांना डेबियन लिनक्सची बसवणी करणारी सगळी सामग्री एका फ्लॉपीवर मावायला हवी होती. फाइल दाखवणे, नक्कल करणे, शोधणे अशा कितीतरी कामांचे वेगवेगळे प्रोग्रॅम असतात; त्यांनी ते एकाच प्रोग्रॅममध्ये कोंबले आणि त्याला बिझीबॉक्स नाव दिले. जागा इतकी वाचली की लहान यंत्रांत लिनक्स घालणे एकदम आवाक्यात आले. पुढे एरिक अँडरसन आणि त्यांच्या साथीदारांनी लहान यंत्रांसाठी सी भाषेची एक छोटी लायब्ररी लिहिली. ती तपासायला दर वेळी सगळी लिनक्स सिस्टीम हाताने बांधावी लागे, म्हणून २००१ च्या सुमारास त्यांनी एक साधी बांधणी यंत्रणा तयार केली. तीच बिल्डरूट. म्हणजे हे अवजार मुळात दुसऱ्या कामासाठी केलेले जिग होते. लोकांना जिगच आवडले. २००९ पासून पीटर कोर्सगार्ड यांनी त्याची सूत्रे घेतली, आणि तेव्हापासून दर तीन महिन्यांनी, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये, त्याची नवी आवृत्ती निघते. फेब्रुवारीची आवृत्ती जास्त काळ सांभाळली जाते, एवढे लक्षात ठेवावे.

बिल्डरूट वापरणे म्हणजे हॉटेलच्या मेनूकार्डावर खुणा करण्यासारखे आहे. ‘मेक मेनूकॉन्फिग’ अशी आज्ञा दिली की पडद्यावर यादी येते. चिप कोणती, कर्नल कोणता, बिझीबॉक्स हवा का, डेटाबेस हवा का, प्रिंटरची सोय हवी का. खुणा करून ‘मेक’ म्हणायचे. साधी इमेज असेल आणि संगणक बरा असेल तर अर्धा-पाऊण तासात काम होते. आपण केलेल्या निवडी काही ओळींच्या एका मजकूर फाइलमध्ये साठतात. ही फाइल, बिल्डरूटची नेमकी आवृत्ती आणि आपण केलेले जोडकाम, एवढे मिळून आपला पॅटर्न. तो ई-मेलने पाठवता येतो, इतका लहान.

त्याच्या मर्यादाही सरळ आहेत. तयार यंत्रावर नंतर एखादेच पॅकेज चढवण्याची सोय त्यात मुद्दामच ठेवलेली नाही. बदल हवा तर सगळी इमेज पुन्हा काढायची. मोठा बदल केला तर बहुतेक वेळा पहिल्यापासून बांधणी करावी लागते. आणि दहा वेगवेगळी मॉडेले असतील तर दहा वेगवेगळ्या बांधण्या सांभाळाव्या लागतात. त्यांच्यातला समान भाग एकदाच बांधून सर्वांना पुरवावा, ही कल्पना तिथे नीट बसत नाही.

योक्टोची कुळकथा वेगळी आहे. २००२-०३ च्या काळात हातात धरून वापरायचे छोटे संगणक निघाले होते. शार्प कंपनीचे झॉरस हे त्यांतले एक, आणि त्यात लिनक्स होते. त्यासाठी आणि तशाच इतर यंत्रांसाठी लिनक्स बांधणारे हौशी लोक वेगवेगळ्या चुली मांडून बसले होते. क्रिस लार्सन, मिखाएल लाउअर आणि होल्गर शुरिग यांनी २००३ मध्ये त्या चुली एकत्र करून ओपनएम्बेडेड सुरू केले. त्यातून पुढे आलेल्या कामाला २०१० मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली योक्टो प्रोजेक्ट असे नाव मिळाले. रिचर्ड पर्डी त्याचे मुख्य शिल्पकार. योक्टो हा मापनातला उपसर्ग आहे, एकावर चोवीस शून्ये देऊन भागावे इतका लहान. २०२२ मध्ये आणखी दोन लहान उपसर्ग मान्य होईपर्यंत तो सर्वांत लहान होता. नाव एवढे चिमुकले, पण बांधणीला शंभर जीबीच्या आसपास मोकळी डिस्क मागणारे हे धूड आहे. पहिली बांधणी साध्या संगणकावर रात्रभरही चालते.

इथली परिभाषा स्वयंपाकघरातली आहे. प्रत्येक साधनाची एक रेसिपी असते: माल कुठून आणायचा, कसा निवडायचा, कसा शिजवायचा. रेसिपी वाचून काम करणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव बिटबेक. रेसिपींचे गठ्ठे म्हणजे लेअर, आणि लेअरवर लेअर चढवता येतात. खालचा लेअर चिप बनवणाऱ्या कंपनीचा, मधला सर्वांना समान, वरचा आपला. खालच्या लेअरला हात न लावता वरून फक्त आपला बदल सांगायचा, ही योक्टोची खरी ताकद. लग्नाच्या पंक्तीत सगळ्यांना भात-आमटी एकाच भट्टीवरची, आणि ज्याला हवा त्याला तांबडा किंवा पांढरा रस्सा वेगळा वाढायचा, तसे. एकदा शिजलेले पुन्हा शिजवावे लागत नाही. ते साठवून दुसऱ्या मॉडेलला वापरता येते. दर दोन वर्षांनी निघणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती चार वर्षे सांभाळली जाते. एप्रिल २०२४ मध्ये निघालेली त्यांतलीच एक.

किंमत मोजावी लागते ती शिकण्यात. बिल्डरूट हुशार मुलगा आठवड्यात चालवायला लागतो. योक्टोत तोच मुलगा दोन-तीन महिने चाचपडतो, आणि एखादी किंमत अमुकच का आली हे शोधायला सात फाइली उघडतो. हे मी टीका म्हणून सांगत नाही. मोठे यंत्र चालवायला मोठा कामगारवर्ग लागतो, इतकेच.

मग निवड कशी करावी? मी समोरच्याला चिपविषयी नंतर विचारतो. आधी विचारतो की हे सांभाळणार किती माणसे, आणि किती वर्षे? दोन भावांचा कारखाना, एक-दोन मॉडेले, सॉफ्टवेअर पाहणारा एकच मुलगा, असे असेल तर माझे उत्तर बिल्डरूट. तो मुलगा उद्या पुण्याला गेला तरी त्याच्या जागी येणारा आठवड्याभरात ती फाइल वाचून कामाला लागू शकतो. आपल्याकडे माणसे जातात, हे गृहीतच धरायला हवे. चार-पाच चिपांवर पंधरा मॉडेले, प्रत्येक ग्राहकाचा वेगळा हट्ट आणि सॉफ्टवेअरचा स्वतंत्र विभाग असेल तर योक्टोवर घातलेले कष्ट फिटतात.

चिप कंपनीकडूनही एक ओढ असते. एनएक्सपी, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, एसटी या कंपन्या आपल्या चिपांसोबत योक्टोचे तयार लेअर देतात. तरुण मंडळी म्हणतात, कंपनीच देते तर घेऊ या. घ्यावे, पण तो लेअर योक्टोच्या कोणत्या आवृत्तीवर आहे आणि कंपनी तो किती वर्षे हलवत ठेवणार आहे, हे लेखी विचारावे. कंपनीचे लक्ष नव्या चिपेकडे गेले, की जुन्या चिपेचा लेअर जुन्या आवृत्तीवरच अडकून पडतो. मुख्य लिनक्स कर्नलमध्येच जिचा आधार आहे अशी चिप थोडी महाग पडली तरी मी तीच सुचवतो; मग ती दोन्ही अवजारांत चालते आणि आपण कोणाच्या दारात बांधलेले राहत नाही.

वीज जाण्याचाही विचार इथेच करायचा. खेड्यातल्या यंत्राची वीज कोणत्याही क्षणी जाते, आणि नेमकी काही लिहिले जात असताना गेली तर कार्डावरची मांडणी विस्कटते. उपाय असा, की सिस्टीमचा भाग फक्त वाचता येईल असा बंद ठेवायचा आणि नोंदी वेगळ्या कप्प्यात लिहायच्या. नवी इमेज चढवतानाही हीच भीती. म्हणून जागा दुप्पट ठेवतात. एका कप्प्यातली इमेज चालू, नवी दुसऱ्यात उतरते, आणि ती नीट उठली नाही तर यंत्र आपोआप जुन्यावर परतते. रॉक, एसडब्ल्यूअपडेट, मेंडर ही त्यासाठीची तयार साधने आहेत आणि दोन्ही अवजारांत ती बसवता येतात. हा बंदोबस्त पहिल्या यंत्रापासूनच हवा. दोनशे गावांत यंत्रे पोचल्यावर कप्पे पाडायला दोनशे फेऱ्या माराव्या लागतात.

पॅटर्न लिहिला म्हणजे काम संपले असे मात्र नाही, कारण आपला पॅटर्न माल दुसऱ्याकडून आणतो. ३० जानेवारी २०२३ ला गिटहब या संकेतस्थळाने एक अंतर्गत बदल केला. तिथून उतरणाऱ्या गठ्ठ्यांतला मजकूर तोच होता, पण गठ्ठा बांधण्याची पद्धत किंचित बदलली. बिल्ड टूल प्रत्येक गठ्ठ्याचा ठसा ताडून पाहतात. ठसा जुळेना, आणि जगभरात अनेकांच्या बांधण्या एकाएकी बंद पडल्या. गिटहबने काही तासांत बदल मागे घेतला. पण एखादे संकेतस्थळ कायमचे बंद पडले तर? म्हणून लागणारा सगळा माल एकदा उतरवून आपल्या डिस्कवर ठेवावा. दोन्ही अवजारांत तशी सोय आहे. आणि त्या डिस्कची एक नक्कल दुसऱ्या गावी ठेवावी. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढले आणि वाहतूक कित्येक दिवस थांबली, हे आपण पाहिलेले आहे.

आता सुरक्षेचा मुद्दा. २९ मार्च २०२४ रोजी आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केले, की एक्सझेड या दाबून साठवण्याच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसवला आहे. लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्या संशयावरून त्यांनी तो शोधला. त्या दिवशी जगातल्या प्रत्येक यंत्र बनवणाऱ्यापुढे एकच प्रश्न होता: माझ्या यंत्रांत एक्सझेड आहे का, आणि कोणत्या आवृत्तीचे? ज्यांच्याकडे पॅटर्न होता त्यांना उत्तर मिनिटाभरात मिळाले. बिल्डरूट आणि योक्टो दोन्ही इमेजमधल्या प्रत्येक साधनाची आवृत्तीसह यादी काढून देतात, आणि जाहीर झालेल्या दोषांच्या यादीशी ती ताडूनही पाहता येते. ज्यांच्याकडे फक्त कार्ड होते त्यांना कार्ड उघडून शोधत बसावे लागले, आणि जूनचे पोट वेगळे, डिसेंबरचे वेगळे, हे मी मघाशी सांगितलेच.

ही यादी आता कायद्यातही आली आहे. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट १० डिसेंबर २०२४ ला अमलात आला. त्याच्या मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होण्याचे ठरले आहे. तिकडे विकल्या जाणाऱ्या आणि सॉफ्टवेअर असलेल्या वस्तूंच्या उत्पादकाने आत काय आहे याची यादी ठेवायची आणि साधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवायच्या, अशा त्या अटी आहेत. आपल्या नुसत्या कास्टिंगला हा कायदा नाही. पण त्या कास्टिंगच्या यंत्रावर कंट्रोलर बसवून ते जर्मनीला पाठवायचे म्हटले की लागतो. निर्यातीचे स्वप्न पाहणाऱ्यांनी कार्डाच्या नकला आताच बंद कराव्यात.

परवान्यांचे थोडक्यात सांगतो. लिनक्स फुकट आहे, पण बिनशर्त नाही. यंत्र विकले की त्यातल्या जीपीएल परवान्याच्या भागांचा मूळ मजकूर ग्राहकाने मागितल्यास द्यावा लागतो. २००३ मध्ये लिंकसिसच्या निळ्या-काळ्या राउटरमध्ये लिनक्स असल्याचे लोकांनी हुडकले आणि कंपनीला तो मजकूर खुला करावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभे राहिले, आणि त्याच्या बांधणीचा पायाही बिल्डरूटच होता. २००७ मध्ये बिझीबॉक्सच्या लेखकांनी याच कारणावरून अमेरिकेत खटले भरले. द्यायचा मजकूर आणि परवाने गोळा करणारी आज्ञा बिल्डरूटमध्ये आहे, योक्टोतही तशी सोय आहे. ‘आमचा प्रोग्रॅमही द्यावा लागेल का?’ असे घाबरून विचारणारे भेटतात. आपला प्रोग्रॅम वेगळा लिहिला असेल आणि कर्नलशी नेहमीच्या वाटेने बोलत असेल तर द्यावा लागत नाही.

आणखी एक तारीख उत्पादकांनी भिंतीवर लिहून ठेवावी. जुन्या ३२ बिटांच्या सिस्टीम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात, आणि त्यांचा मोजण्याचा रकाना १९ जानेवारी २०३८ रोजी भरतो. आपल्या घड्याळात तेव्हा सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झालेले असतील. पुढच्या सेकंदाला अशा यंत्राला १९०१ साल दिसेल. नव्या कर्नलमध्ये आणि नव्या लायब्ऱ्यांमध्ये यावर उपाय झालेला आहे, पण तो आपोआप जुन्या कार्डात शिरत नाही. इमेज पुन्हा बांधावी लागते. दहा-पंधरा वर्षे चालणारे यंत्र आज विकणाऱ्याला ही तारीख लांबची नाही.

दूध संस्थांचे सचिव आणि संचालक हे भाषण ऐकत असतील तर त्यांना बिल्डरूट, योक्टो ही नावे पाठ करायची गरज नाही. कोटेशन घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. यंत्रात कोणकोणती सॉफ्टवेअरे आहेत त्याची छापील यादी मिळेल का? दुरुस्त्या किती वर्षे मिळतील आणि त्या चढवताना वीज गेली तर काय होईल? आणि आज समोर ठेवलेली इमेज कोऱ्या संगणकावर, मूळ बांधणाऱ्याच्या मदतीशिवाय, पुन्हा काढून दाखवता का? शेवटच्या प्रश्नावर विक्रेता अडखळला तर भाव कितीही कमी असो, थोडे थांबावे. शक्य असेल तर बांधणीच्या फाइलींची एक प्रत संस्थेकडे किंवा तिसऱ्या ठिकाणी ठेवण्याची अट करारात घालावी.

आणि ज्या मुलांना हे शिकायचे आहे, त्यांनी बोर्ड विकत घेण्याची घाई करू नये. क्यूईएमयू हा मोफत प्रोग्रॅम आपल्या साध्या संगणकावरच दुसऱ्या कुळातल्या चिपेची नक्कल चालवतो, आणि त्यासाठीची तयार मांडणी बिल्डरूटमध्ये दिलेली आहे. एका रविवारी सकाळी सुरुवात केली तर दुपारच्या जेवणाआधी आपण स्वतः बांधलेले लिनक्स पडद्यावर लॉगिन मागत उभे राहते. त्यानंतर बिल्डरूटचा फोल्डर पूर्ण पुसून, फक्त ती छोटी फाइल हाताशी ठेवून, सगळे पुन्हा बांधून पाहावे.